मदत हवी आहे : मिन्युएटचं पाऊल तालात बसेना

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये बाथजवळ राहते. इथला एक हौशी गट अठराव्या शतकातले बॉलरूमचे नाच जुन्या पुस्तकांवरून बसवतो, त्यात मीही आहे. समोरासमोर रांगा करून नाचायचे कंट्री डान्स जमतात; कुणी कुठे वळायचं ते पाठ झालं की निभावतं. गाडी अडलीय मिन्युएट या जोडीने करायच्या फ्रेंच नाचापाशी.

संगीत तीन मात्रांचं, पण एक पदन्यास पुरा व्हायला सहा मात्रा लागतात, आणि त्यात पावलं चारच. आम्ही ती पहिली, तिसरी, चौथी आणि पाचवीला टाकतो. सहावीला गुडघा वाकवायचा आणि पहिलीला चवड्यावर उठायचं. मी लहानपणापासून कथक शिकलेली. समेला पाय दणकून जमिनीवर पडणार हे अंगात मुरलंय, आणि इथे नेमकं समेलाच वर जायचं! कळतं, पण वळत नाही.

फ्रेंच नृत्यगुरू फय्येच्या १७०० सालच्या नृत्यलिपीत जमिनीवरचा मार्ग वरून पाहिल्यासारखा रेघेने दाखवलाय, रेघेवर पावलांच्या खुणा. हातांचं मात्र फारसं काही नाही. त्यासाठी रामो या दुसऱ्या नृत्यगुरूचं १७२५चं पुस्तक उघडलं, तर ते जुन्या फ्रेंचमध्ये.

आधी कथक किंवा भरतनाट्यम आणि मग बरोक नृत्य (म्हणजे त्या काळचे हे युरोपीय नाच) शिकलेलं कुणी आहे का? ही सवय मोडायला घरी कसा रियाज केलात? बोल म्हणत करावं की नुसतं मोजत? शिवाय जोडीदाराला हात देताना कोपर किती उचलायचं, हे फ्रेंच जाणणाऱ्या कुणी रामोत पाहून सांगितलं तर फार बरं होईल. व्हॉइस मेसेजही चालेल.