गेम बनवायचा तर आधी प्रोग्रॅमिंग शिकायलाच हवं का?

कोरी पाटी

"गेम बनवायचाय, सुरुवात कुठून करू?" असं कुणीही विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: आधी एखादी भाषा शिक, पायथन म्हण नाहीतर सी शार्प, मग पुढचं बघू. हा सल्ला मी दोनदा मनावर घेतला आणि दोन्ही वेळा मध्येच गळपटलो. पहिल्यांदा मूळ संख्या शोधायच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचलो, दुसऱ्यांदा विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढण्यापर्यंत. गेमचा कुठे पत्ताच नाही.

तिसऱ्या वेळी ते सगळं गुंडाळून ठेवलं आणि सरळ कन्स्ट्रक्ट (कोड न लिहिता गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडलं. रोज रात्री तासभर, असे अकरा दिवस. एक खेळ उभा राहिला. मांजर डावीउजवीकडे पळतं, वरून पावसाचे थेंब पडतात, तीन थेंब लागले की खेळ खलास. जितके सेकंद टिकाल तितके गुण. बस्स, एवढंच. कोडची एकही ओळ लिहिलेली नाही.

माझं म्हणणं असं की ज्याला गेम बनवायचाय त्याने पहिल्या दिवसापासून गेमच बनवावा. पोर बोलायला लागतं तेव्हा कुणी त्याच्याकडून विभक्तीचे तक्ते घोकून घेत नाही. शिवाय उदाहरणं आहेतच की. 'टू द मून' (२०११) आरपीजी मेकरमध्ये बनला, 'अंडरटेल' (२०१५) गेममेकरमध्ये, 'हॉलो नाइट'च्या (२०१७) मंडळींनी चौकोन आणि बाण जोडायचं प्लेमेकर वापरलं. कोड न येणं ही अडचण नाहीच, ती सुरुवात न करण्याची सबब आहे.

खेळाची लिंक प्रोफाइलमध्ये टाकली आहे. मतं रोखठोक येऊ द्या.

अर्धविराम

रोखठोक हवंय ना? असहमत.

आधी उदाहरणांचं बघू. टोबी फॉक्सने 'अंडरटेल' गेममेकरमध्ये केला हे खरं, पण गेममेकरची स्वतःची भाषा आहे आणि तो खेळ त्या भाषेत कोड लिहूनच झालाय. 'हॉलो नाइट'च्या टीममध्ये तांत्रिक बाजू सांभाळायला वेगळा माणूस होता. तुमच्या बाजूचे साक्षीदार उलटतपासणीत माझ्याकडे आले, माफ करा.

दुसरं म्हणजे 'कोडची एकही ओळ नाही' हे वाक्य. अहो, 'मांजर थेंबाला धडकलं तर जीव एकने कमी कर' असं तुम्ही माउसने जुळवलंत. ती ओळच आहे, फक्त टंकलेली नाही. एमआयटीत बनलेलं स्क्रॅच २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यात तर रंगीत ठोकळेच जोडायचे असतात. पण ते कशासाठी बनवलं? मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून. तुम्ही प्रोग्रॅमिंगच करताय. त्याचं नाव घ्यायची भीती वाटते म्हणून आडवाटेने जाताय, आणि आडवाट लांबची असते.

अशा वीस-तीस 'हे झालं तर ते कर' घटना असेपर्यंत सगळं गोड लागतं. तीनशे झाल्या की पडदाभर सुतळीचा गुंता. कोड असता तर शोधता आला असता, कालची आणि आजची प्रत शेजारी ठेवून काय बदललं ते कळलं असतं, अडलेल्या चार ओळी चिकटवून कुणाला विचारता आलं असतं. बाणांच्या गुंत्याचा फोटो काढून कुणाला दाखवणार? गोडो नावाच्या गेम इंजिनमध्ये अशी चित्रांची पद्धत होती. वापरणारे फार थोडे निघाले म्हणून चौथ्या आवृत्तीत (२०२३) ती काढून टाकली.

कोरी पाटी

'अंडरटेल'बद्दल मान्य, तिथे मी घसरलो. बाकीचं नाही.

गुंता कोडमध्ये होत नाही असं कुणी सांगितलं? टेरी कॅव्हनाचा 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही' (सहा वेळा व्ही, मोजून घ्या) २०१० मध्ये आला आणि दहा वर्षं झाली म्हणून २०२० मध्ये त्याने सोर्स कोड खुला केला. आत काय निघालं? खेळातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग एकाच अवाढव्य स्विचमध्ये ('हे असेल तर हे, ते असेल तर ते' अशा यादीत) कोंबलेला, शेकडो फाटे, एकाखाली एक. प्रोग्रॅमर लोकांनी डोक्याला हात लावला. खेळणाऱ्यांचं त्याने काय अडलं? काही नाही.

आणि आडवाटेचं म्हणाल तर तिसऱ्या दिवसाची गोष्ट सांगतो. मांजराला तीन जीव दिले होते. पहिला थेंब लागला आणि खेळ तिथेच संपला. परत खेळलो, परत तेच. जीव चुकून एकच दिलाय का म्हणून तपासलं, तर तीनच होते. दोन रात्री गेल्या. मग आकडा पडद्यावर मोठा करून लावला आणि मोबाइलवर शूटिंग करून एकेक चौकट (फ्रेम) पुढे सरकवत पाहिलं. ३, २, १, ०. सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मी अट घातली होती 'थेंब मांजरावर आहे का' अशी. कॉम्प्युटर ती सेकंदाला साठ वेळा विचारत होता आणि दर वेळी उत्तर 'आहे' येत होतं, त्यामुळे तीन फ्रेममध्ये तीन जीव खलास. अट हवी होती 'थेंब आत्ता धडकला का' अशी. 'असणं' आणि 'होणं' यातला हा फरक मला कुठल्या धड्याने शिकवला नाही, त्या मेलेल्या मांजराने शिकवला.

अर्धविराम

वा! तुम्ही जे सांगितलंत ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना पहिल्या वर्षाला शिकवतात. आणि त्याला नाव आहे म्हणूनच ते दोन रात्रींऐवजी दहा मिनिटांत सापडतं. माझा मुद्दा तोच तर आहे.

कोरी पाटी

नाव दहा मिनिटांत सापडलं असतं आणि तेवढ्याच वेळात विसरलोही असतो.

पिक्सेलवेडी

तुम्ही दोघं ज्यावर भांडताय तो भाग मला आलाच नाही, म्हणून लिहिते.

माझा पहिला खेळ ट्वाइन या गोष्टींचे खेळ करायच्या साधनात होता. २००९ पासून फुकट मिळतं. गोष्ट लिहायची, शब्दाला चौकटी कंस लावले की त्यातून पुढचं पान उघडतं. थेंब नाहीत, धडक नाही, फ्रेम नाहीत. 'फोन उचलू की नको' एवढ्यावर माझा अख्खा खेळ होता. नंतर बिट्सी नावाच्या तशाच छोट्या साधनात खोल्या केल्या. तिथे प्रत्येक चित्र आठ बाय आठ चौकोनांत बसवावं लागतं. चौसष्ट ठिपक्यांत आजी काढून बघा एकदा. अंबाडा काढला तर नाक जातं, नाक ठेवलं तर ती आजी वाटत नाही. शेवटी मी पाठीचा बाक ठेवला आणि बाकी सगळं सोडून दिलं, तेव्हा कुठे ओळखू यायला लागली.

अर्धविराम, यात प्रोग्रॅमिंग कुठे आलं? आणि हा गेम नाही म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट म्हणा, म्हणजे मलाही रोखठोक होता येईल.

अर्धविराम

नाही म्हणत. आजीपुढे हात टेकले.

(पण चौकटी कंसांच्या पुढे जाऊन 'आधी किल्ली घेतली असेल तरच दार उघड' म्हणायची वेळ आली की ट्वाइनमध्येही जर-तर लिहावंच लागतं. चला, गप्प बसतो.)

जुना खेळाडू

दोन्ही बाजूंचं वाचून करमणूक झाली. इतिहासातली एक गंमत सांगतो. १९७२ चा अटारीचा 'पाँग', बाजारात खऱ्या अर्थाने चाललेला पहिला व्हिडिओ गेम. त्यात प्रोग्रॅमच नव्हता! मायक्रोप्रोसेसरच नव्हता, तर प्रोग्रॅम चालवणार कशावर? सगळा खेळ सर्किटचा. अटारीच्या नोलन बुशनेलने अॅलन अल्कॉर्न नावाच्या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून हा सराव दिला होता आणि त्या सरावाचाच धंदा झाला. तेव्हा कोरी पाटी, तुमची परंपरा थोर आहे.

पण माझा मुद्दा निराळाच आहे. नवशिक्यांचे खेळ कोडमुळेही अडत नाहीत आणि ठोकळ्यांमुळेही नाही, ते अडतात आकारामुळे. मला कुणीही 'पहिला गेम करतोय' म्हणून सांगायला आलं की मी फक्त विचारतो, काय काय असणार आहे? उत्तर दर वेळी तेच: मोठं खुलं जग, चाळीस हत्यारं, आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळता आलं पाहिजे. सहा महिन्यांनी विचारलं तर सुरुवातीच्या मेनूचं बटण तेवढं सुंदर झालेलं असतं.

या धाग्यात मला आवडलेली एकच गोष्ट म्हणजे तीन जीव, एक मांजर, अकरा दिवस. ते पूर्ण झालंय. 'सेलेस्ट' हा उड्या मारायचा खेळ २०१८ मध्ये गाजला, पण त्याचं मूळ म्हणजे चार दिवसांत केलेला चिमुकला खेळ, तोही पिको-८ या मुद्दाम मर्यादा घातलेल्या छोट्या साधनावर. तिथे पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा आणि रंग सोळा. त्या चार दिवसांत उडी कशी वाटली पाहिजे हे त्यांना सापडलं होतं. कडेवरून पाय सुटल्यावरही काही क्षण उडी मारू द्यायची युक्ती असते ना, कोयोटी टाइम म्हणतात तिला, तशा गोष्टी बोटांना कळाव्या लागतात. त्या पायथनच्या पुस्तकातही नसतात आणि ठोकळ्यांच्या पेटीतही नसतात.

अर्धविराम

'पाँग'चा आधार घ्यायचा तर आधी सोल्डरिंग शिका. ह. घ्या.

शंकेखोर

थोडं अवांतर. आजकाल एआयला सांगितलं की कोड लिहून मिळतो. मग हा वादच संपला नाही का? ना भाषा शिका, ना ठोकळे.

प्रयोग करून बघितला म्हणून विचारतोय, मला उत्तर मिळालेलं नाही. पहिल्या संध्याकाळी खेळ तयार. मी खूश. दुसऱ्या दिवशी म्हटलं शत्रू दे, दिले. तिसऱ्या दिवशी म्हटलं हृदयाची चित्रं काढून जीव दाखव. दाखवले, पण पडद्यावर दोन हृदयं असतानाच माणूस मरायला लागला. मी म्हणायचो दुरुस्त कर, ते म्हणायचं 'दुरुस्त केलं आहे', आणि माणूस मरायचाच. असं कितीदा झालं ते मोजायचं सोडून दिलं. शेवटी ज्याला कोड येतो अशा भावाला बसवलं. त्याने दोन मिनिटांत दाखवलं की जीव दोन ठिकाणी लिहून ठेवलेत. शत्रू एका ठिकाणचे कमी करतो, हृदयं दुसऱ्या ठिकाणचे दाखवतात. एका घरात दोन जमाखर्चाच्या वह्या!

अर्धविराम

शंकेखोर, तुम्ही नकळत माझी बाजू मांडलीत. भावाला जे दोन मिनिटांत दिसलं त्यालाच मी प्रोग्रॅमिंग म्हणतो. स्वल्पविराम, अर्धविराम पाठ असण्याला नाही (माझं टोपणनाव असूनही).

अजून एक. एखाद्या साधनावर बेतलेलं कसब त्या साधनाबरोबर जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीने खेळ किती वेळा इन्स्टॉल झाला यावर शुल्क लावायचं जाहीर केलं, तेव्हा केवढी पळापळ झाली आठवतंय? वर्षभराने तो निर्णय मागे घेतला, पण तोवर कितीतरी जण गोडोकडे वळले होते. भाषा येत असेल तर माणूस बिऱ्हाड हलवू शकतो.

कोरी पाटी

युनिटीवाले तर सी शार्प लिहिणारेच होते की! कोड येत असूनही त्यांची पळापळ झालीच. मी अकरा दिवस घातलेत, उद्या कन्स्ट्रक्ट बंद पडलं तर बारा दिवसांत दुसरीकडे मांजर उभं करीन.

शंकेखोर यांच्या दोन वह्यांबद्दल मात्र विचार करतोय. माझ्याकडे जीव एकाच ठिकाणी आहेत, पण ते मी विचार करून ठेवलेत असं नाही, दुसरी जागा सुचलीच नव्हती म्हणून.

पिक्सेलवेडी

हे तुमचं आत्तापर्यंतचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य :)

अर्धविराम

एवढं बोलून खेळ न पाहणं बरं दिसेना, म्हणून उघडला. कोरी पाटी, तुमचा स्वतःचा सर्वांत जास्त स्कोअर किती?

कोरी पाटी

३८ सेकंद. मित्राचा ४४. का?

अर्धविराम

माझा ४१२. मी काही थोर खेळाडू नाही. तुमचं मांजर माझ्याकडे बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं, थेंब गाठूच शकत नाही. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे. मांजर हलवायला काय लिहिलंय?

कोरी पाटी

'प्रत्येक टिकला (म्हणजे दर फ्रेमला) एक्समध्ये ५ मिळव.' थेंबांना बुलेट बिहेविअर, म्हणजे सरळ रेषेत हलवायचा तयार नियम, लावलंय.

अर्धविराम

सापडलं. तुमच्या पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणून मांजर सेकंदाला ३०० पिक्सेल जातं. माझ्याकडे १४४ फ्रेम, म्हणजे ७२०. थेंब बरोबर पडतात, कारण त्या बिहेविअरमध्ये वेळेचा हिशोब आधीच केलेला आहे. ५ च्या जागी डीटीने गुणलेला आकडा घाला. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते डीटी सांगतं.

कोरी पाटी

५ गुणिले डीटी केलं. मांजर हलतच नाही.

जुना खेळाडू

हलतंय. सेकंदाला पाच पिक्सेल. गोगलगाय झालीय त्याची.

अर्धविराम

५ नव्हे, ३००. आता आकडा दर फ्रेमचा नाही, दर सेकंदाचा द्यायचा.

कोरी पाटी

हां! धावलं. नवीन प्रत चढवलीय, बघा बरं तुमच्याकडे.

अर्धविराम

१९ सेकंदांत मेलो. पण आधीचे ४१२ ग्राह्य धरावेत ही विनंती.