मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा शोध कसा घ्यावा?

प्रश्न: माझ्या पणजोबांचे थोरले बंधू करारावरील मजूर म्हणून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले, एवढेच घरात सांगितले जाते. जहाजाचे नाव वा वर्ष ठाऊक नसताना शोध कोठून सुरू करावा?

उत्तर १: जहाजाच्या नावावर अडून बसू नका. मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक करारबद्ध मजुराला स्वतंत्र क्रमांक मिळत असे, आणि तो क्रमांक पुढे त्याच्या विवाहाच्या व मृत्यूच्या नोंदीतही लिहिला जाई. म्हणून तिकडे त्यांचे वंशज असतील, तर आधी त्यांच्याकडील जुने विवाहाचे दाखले पाहावेत. क्रमांक हाती लागला, की मॉरिशसमधील मोका या गावी असलेल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांतून वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरील खुणा, जात, गाव, जिल्हा आणि जहाज असा तपशील मिळू शकतो. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही काढली जात. माझ्या मते सगळ्या दप्तरात याहून मोलाचे काही नाही.

उत्तर २: वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. मराठी नावे परक्या कारकुनांनी कानाला जशी ऐकू आली तशी रोमन लिपीत उतरवली, त्यामुळे आडनावावर विसंबून न राहता नावाची शक्य ती सर्व रूपे, आणि गावाच्या नावाचीही, आधी लिहून काढावीत. केवळ नाव जुळले म्हणून माणूस आपलाच, असे मानू नये. वडिलांचे नाव आणि गाव दोन्ही जुळेपर्यंत थांबावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. वडिलांचे नाव आणि गाव आम्हाला निश्चित माहीत आहे.