पक्या वाचकांना एवढा का आवडतो? आणि त्याला न सुधारता गोष्ट संपवता येईल का?

प्रश्न – कोपरीकर

नमस्कार. मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते. दिवसभर एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते आणि रात्री लिहायला बसते. सध्या एक दीर्घकथा चालू आहे, घोडबंदर रोडच्या टँकरवाल्यांवर. तिथल्या कित्येक सोसायट्यांचं उन्हाळ्यात टँकरशिवाय पान हलत नाही, हे इथल्या लोकांना सांगायला नको. कथेत दोघं आहेत. एक पाणीपुरवठा खात्यातला ज्युनिअर इंजिनिअर, सरळमार्गी, आईची औषधं वेळेवर आणणारा. दुसरा पक्या. किसननगरच्या चाळीत वाढलेला, टँकरमालकाचा उजवा हात. एका सोसायटीच्या नावावर भरलेला टँकर तो वाटेतच दुसरीकडे चढ्या भावाने रिकामा करतो आणि पहिल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फोनवर शांतपणे सांगतो, "साहेब, कासारवडवलीला गाड्या हलतच नाहीयेत हो."

आमचा कथावाचनाचा छोटा कट्टा आहे, दर पंधरवड्याला कुणाच्या तरी घरी बसतो. तिथे सुरुवातीची प्रकरणं वाचली, तर सगळ्यांनी पक्याबद्दलच विचारलं. कट्ट्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सत्तरीच्या, शिस्तीच्या एकदम कडक. त्या निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "त्या मेल्याला काही होऊ देऊ नकोस हं." इंजिनिअरचं नावही कुणाला आठवत नव्हतं.

हीच मंडळी स्वतःच्या बिल्डिंगचा टँकर तासभर लांबला तर व्हॉट्सॲप ग्रुपवर आग ओकतात. मग कागदावरच्या चोराला एवढं का जपतात? मला हे मनापासून समजून घ्यायचंय. दुसरी अडचण शेवटाची. आपल्याकडे अशा पात्राला दोनच वाटा ठेवलेल्या असतात, सुधारायचं नाहीतर मरायचं. मला दोन्ही नकोत. पक्या पक्याच राहावा आणि तरी कथा पुरी व्हावी.

उत्तर – नौपाड्याचा नाटकवेडा

ताई, असा विषय निघाला की आमच्या पिढीला आधी लाल्या आठवतो. वसंत कानेटकरांचं नाटक 'अश्रूंची झाली फुले', 1966. काशीनाथ घाणेकर म्हणजे कॉलेजातला उडाणटप्पू लाल्या आणि प्रभाकर पणशीकर प्राध्यापक विद्यानंद. घाणेकरांच्या एंट्रीला थिएटर डोक्यावर घ्यायचे लोक. मी तेव्हा शाळकरी पोरगा, वडिलांच्या शेजारी बसून बघितलं. आमचे वडील घरात शिट्टी वाजवली तरी डोळे वटारणारे. पण त्या रात्री लाल्याला टाळ्या वाजवताना मी त्यांना बघितलं आणि थक्क झालो. तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही. जी माणसं जन्मभर स्वतःला आवरून जगतात, तीच अशा पोरावर आधी भाळतात.

तुम्ही म्हणता ती सुधारण्याची वाट त्याच नाटकात आहे. सरळमार्गी प्राध्यापक खोट्या आळात अडकून तुरुंगात जातात आणि बाहेर येतात ते वाकड्या वाटेला लागून. तिकडे लाल्या पोलीस अधिकारी झालेला. म्हणजे लाल्या सुधारला खरा, पण त्याची मोकळी जागा कानेटकरांनी रिकामी ठेवली नाही, प्राध्यापकांना तिथे नेऊन उभं केलं. म्हणून ती सुधारणा गुळमट वाटत नाही.

आता त्याच पणशीकरांचा लखोबा लोखंडे घ्या. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच', 1962. फिरता रंगमंच, कोर्टाचा देखावा, नवनवी सोंगं घेऊन बायकांना लग्नाच्या नावाखाली फसवणारा भामटा. हुशारी लाल्यापेक्षा काकणभर जास्तच. त्याची सोंगं बघायला लोक पुन्हा पुन्हा गेले. पण लखोबा सुटावा असं मला कधी वाटलं नाही, बरोबरच्या कुणाला वाटल्याचंही आठवत नाही. कारण अत्र्यांनी फसवलेली माणसं साक्षीच्या पिंजऱ्यात आणून आपल्यासमोर उभी केली. ती बोलायला लागली की हसू घशातच अडकतं.

माझं मत विचाराल तर सगळा खेळ इथे आहे. ज्याचं नुकसान झालं तो रंगमंचावर आहे की विंगेत? तुमच्या मजकुरात पाणी गेलेली सोसायटी म्हणजे फोनवरचा एक सेक्रेटरी. त्याला ना चेहरा, ना घर. मग वाचक जीव लावायचा तो पक्यालाच लावणार.

उत्तर – कोपरखैरणे सेक्टर 15

मी रोज ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला येतो आणि प्रवासात मोबाईलवर कथाच वाचतो. मला असली पात्रं आवडतात त्याचं कारण साधं आहे. मी दिवसभर कॉलवर "येस सर, करतो सर" करत असतो. चूक समोरच्याची असली तरी "सॉरी फॉर द डिले" मीच लिहितो. पक्या सेक्रेटरीला गंडवतो तेव्हा आवाज चढवत नाही, घाबरत नाही, "साहेब" म्हणूनच गंडवतो. तो "साहेब" मला फार भारी वाटला. मीही तोच शब्द रोज वापरतो, पण मला त्यातून काहीच मिळत नाही.

त्याला सुधारू नका, प्लीज.

उत्तर – ऐरोलीची शिक्षिका

मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते. सोळा-सतरा वर्षांच्या मुली फोनवर जे वाचतात त्यातला नायक बहुतेक वेळा असाच असतो, सगळ्यांशी तुसडा आणि तिच्याशी तेवढा मऊ. मुलींनी वाचू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. मीही त्या वयात हीथक्लिफपायी रात्र रात्र जागलेय.

पण हीथक्लिफचंच बघा. एमिली ब्राँटीची 'वुदरिंग हाइट्स' ही कादंबरी 1847 ची, तिचा तो नायक. त्याच्यावर भाळलेली इझाबेला त्याच्याबरोबर पळून जायला निघते त्या रात्री तो तिच्या लाडक्या कुत्रीला फास लावून टांगतो. पुढे तिच्यादेखत सांगतो की हिने मला प्रेमकथेतला नायक समजून घर सोडलं. लेखिकेने काहीच लपवलेलं नाही. कुत्री तिथेच लटकते आहे, इझाबेला बोलते आहे, आणि तरी वाचक पिढ्यानपिढ्या त्याच्यासाठी हळहळतात. त्यामुळे नौपाड्याच्या काकांचं मला अर्धंच पटलं. नुकसान झालेला माणूस समोर आणला की प्रेम आटतंच असं नाही. मात्र ते प्रेम फुकटात मिळत नाही. वाचकाला ते बाळगताना टोचत राहतं, आणि मला वाटतं तसंच व्हायला हवं. माझ्या मुलींना मी त्या कुत्रीचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवते आणि विचारते, आता सांगा. वर्ग गप्प होतो, पण कुणी पुस्तक मिटवत नाही.

तुमच्या पक्याला हे टोचणं द्या. आणि एक कळकळीची विनंती, एखादी मुलगी आणून तिच्या प्रेमाने त्याला माणसात आणू नका. ते काम मुलींच्या गळ्यात फार वर्षं घातलं गेलंय.

उत्तर – कळव्याहून

आमच्याकडे वारीची परंपरा, त्यामुळे मी थेट गोकुळात जातो. भागवताच्या दहाव्या स्कंधात गोपी यशोदेकडे गाऱ्हाणं घेऊन येतात. हा अवेळी वासरं सोडतो, लोणी चोरतो, माकडांना वाटतो, काही सापडलं नाही तर मडकी फोडतो. गाऱ्हाणं सांगताना त्यांचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे. यशोदा त्याला उखळाला बांधायला जाते तर दोरी दोन बोटं कमी पडते, दुसरी जोडली तरी दोन बोटं कमीच. अहो, ज्यांचं लोणी गेलं त्यांनाच तो हवाय! आपल्या गवळणी याच गाऱ्हाण्यांवर उभ्या आहेत.

त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते माकडांना वाटणं. तो साठवत नाही. तुमचा पक्या वरच्या पैशांचं काय करतो? हे लिहिलंत तर अर्धा माणूस तिथेच कळेल. आणि त्याचं गाऱ्हाणं करणारी एक बाई आणा, सेक्रेटरी नको.

प्रश्नकर्ती – कोपरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं विंगेचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून काल रात्री नवं प्रकरण लिहिलं.

पाणी गेलेल्या सोसायटीत सातव्या मजल्यावर एक बाई पोळीभाजीचे डबे करते. पहाटे साडेचारला परातीत पीठ काढलेलं, तेल-मीठ घातलेलं, आणि नळाला नुसती फुस्स हवा. पिंपाच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलंय. त्यात कणीक भिजवावी की सासूच्या चहाला ठेवावं, याचा हिशेब ती ओट्यापाशी उभी राहून करते. शेवटी पीठ पुन्हा डब्यात भरते आणि एकेकाला फोन लावून सांगते, आज डबा नाही. त्यातला एक डबा पक्याचा. त्याला ते माहीत नसतं. दुपारी टँकरच्या केबिनमध्ये तो वडापाव खातो आणि चिडून तिला फोन करतो. मग ती त्याला मनसोक्त शिव्या घालते, टँकरवाल्याला! समोर कोण आहे हे तिला ठाऊक नाही. तो ऐकून घेतो.

त्यानंतर त्या सोसायटीचा टँकर तो कधीही चुकवत नाही. उलट पहाटे चारच्या आत आणून लावतो. त्यासाठी तिसऱ्याच सोसायटीचा पळवतो.

कळव्याच्या दादांचा पैशांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मला वाटतं तो ते उडवतो, पण कशावर, हे अजून दिसत नाही.

उत्तर – ऐरोलीची शिक्षिका

शिव्या ऐकून घेणारा पक्या मला फार आवडला. पण त्या तिसऱ्या सोसायटीचं काय? ती पुन्हा विंगेत गेली.

प्रश्नकर्ती – कोपरीकर

नाही ताई, पुढचं प्रकरण तिचंच आहे. इंजिनिअर आईला घेऊन तिथेच राहतो.