मदत हवी आहे: एकाच कागदावर २०, ३० आणि ४० टक्के. फौजेतलं अपंगत्व मोजतात तरी कसं?

नमस्कार. माझे मिस्टर २०२१ च्या जूनमध्ये मुदत पूर्ण करून हवालदार म्हणून पेन्शनला आले. कऱ्हाडजवळ आमचं गाव आहे. घरात कागद वाचणारी मीच, पण या एका कागदापुढे हात टेकलेत.

रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) दोन दुखणी लिहिलीत. उजवा गुडघा २० टक्के, बीपी ३० टक्के, दोन्ही आयुष्यभरासाठी. खाली 'कॉम्पोझिट', म्हणजे दोन्ही मिळून, ४० टक्के. त्याच्याही खाली पेन्शनसाठी धरलेलं निव्वळ अपंगत्व २०. पीपीओवरही (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरही) २०च आलंय.

गुडघा काश्मीरमध्ये बर्फात गस्तीवर असताना घसरून दुखावला. तो सेवेमुळेच, हे बोर्डाला मान्य आहे. बीपीपुढे मात्र 'सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलंही नाही' असं आहे. कारण एका ओळीत: पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) असताना सुरू झालं.

३० आणि २० मिळून ४० कसे होतात? आणि गावातले एक माजी सैनिक म्हणतात, तुम्हाला ५० टक्के मिळायला हवं. ते कुठून आलं?

रागाने लिहीत नाहीये, पण वाईट वाटतं. गाईची धार काढायला त्यांना उकिडवं बसता येत नाही. बादली पालथी घालून तिच्यावर बसतात, उजवा पाय लांब सोडून. विचारलं तर म्हणतात, "जाऊ दे, मिळतंय ते बास."

माजी_सुभेदार_क्लार्क

ताई, माझी अख्खी नोकरी क्लार्क ट्रेडला गेली, असे कागद रोज हातात असायचे. वही-पेन घेऊन बसा.

बोर्डापुढे प्रश्न दोन असतात. दुखणं किती, हा एक. ते सेवेमुळे आलं किंवा सेवेने वाढलं का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं की पहिल्या उत्तराचा पेन्शनला उपयोग नाही. म्हणून बीपीचे ३० गळाले आणि गुडघ्याचे २० उरले. निव्वळ २० ते हेच.

आता पैसे. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराचे ३० टक्के मिळतात. पगार म्हणजे मूळ पगार आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) धरून. डीए, घरभाडं त्यात नाही. समजा तो ४५,००० होता. मग पूर्ण शंभराला १३,५०० आणि २० टक्क्यांना २,७००. वर महागाईची वाढ वेगळी.

गावातल्या भाऊंचे ५० टक्के येतात ब्रॉड बँडिंगमधून. १ जानेवारी १९९६ पासूनची ही सोय आहे. ५० च्या खाली असेल ते ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ किंवा त्यापुढे १००. आधी हे फक्त आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना मिळायचं. डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राम अवतार प्रकरणात मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ते लागू केलं. म्हणजे बीपीचं काही झालं नाही तरी तुमचे २० चे ५० व्हायला हवेत: २,७०० च्या जागी ६,७५०. हे अजून बऱ्याच जणांना मागून घ्यावं लागतं, आपसूक येत नाही.

पण मला त्या ४० वर बोलायचंय, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. लष्करी डॉक्टरांसाठी 'गाइड टू मेडिकल ऑफिसर्स' आहे. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत लिहिलंय की दोन दुखण्यांचा शरीरावरचा परिणाम अगदी वेगवेगळा असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज करायची. परिणाम एकमेकांत मिसळत असतील तरच कमी करायचं. काही बोर्डं पहिल्या प्रकारातही कपात करतात आणि ते बरोबर नाही, असंही त्यातच म्हटलंय. गुडघ्याने चालणं अडतं, बीपी रक्तवाहिन्यांचं. यात मिसळण्यासारखं काय आहे? ३० आणि २० म्हणजे ५०.

आणि इथे त्या दहा टक्क्यांची किंमत बघा. बीपी मान्य झालं आणि कॉम्पोझिट ४० च राहिलं, तर ४० चे ५०, हातात तेच ६,७५०. बीपीसाठी भांडून एक रुपयाही वाढला नाही. कॉम्पोझिट ५० झालं तर ते ७५ च्या पट्ट्यात जातं: १०,१२५. म्हणून अर्जात दोन्ही मुद्दे हवेत, बीपी सेवेमुळे आणि बेरीज चुकलेली. एकटा बीपीचा मुद्दा अपुरा पडेल.

बीपीसाठी धरमवीर सिंह प्रकरण, सुप्रीम कोर्ट, २०१३. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट भरती झाला असं धरायचं. नंतरचा आजार सेवेमुळे नाही, हे सरकारने दाखवायचं आणि बोर्डाने कारणं द्यायची. 'पीस स्टेशन' एवढे दोन शब्द म्हणजे कारण नव्हे. भरतीची मेडिकल आणि पोस्टिंगची यादी काढा.

(२१ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदललेत. त्यानंतर पेन्शनला आलेल्यांनी माझा हिशेब जसाच्या तसा लावू नये.)

वैशाली_पुणे

वडिलांसाठी मी यातून गेले आहे. दोन गोष्टी सांगते. मंजूर झालेल्या रकमेतला हिस्सा मागणाऱ्या एजंटला कागद देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाला मदत मिळते. आणि उशीर करू नका. आजवर बऱ्याच निकालांत मागची थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच दिली आहे, म्हणजे वाट बघण्यात जातो तो महिना बुडू शकतो.

धागाकर्ती

सुभेदार काका, तुमचं लिहिलेलं यांना वाचून दाखवलं. ४० च्या हिशेबावर त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मग स्वतः उठून माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली.

भरतीच्या मेडिकलमध्ये बीपी १२०/८०, बाकी रकाने कोरे. पोस्टिंगच्या यादीत २०१३ ते २०१५ अखेर फिल्ड (सीमेकडचा खडतर भाग). पीस स्टेशनला आले जानेवारी २०१६ मध्ये आणि बीपी सापडलं मे २०१६ मध्ये. पाच महिनेसुद्धा नाहीत! इतकी वर्षं ही दोन पानं एकाच पेटीत होती आणि आम्ही ती कधी शेजारी ठेवून बघितली नाहीत.

अपिलाला सहा महिन्यांची मुदत म्हणतात, ती केव्हाच गेली. आता काय?

माजी_सुभेदार_क्लार्क

ताई, हे पाच महिने अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात घाला. इतक्या लवकर सापडलेलं बीपी फिल्डवरच सुरू झालं असावं, म्हणजे बोर्डाने लिहिलेल्या कारणाला त्यांच्याच तारखांनी उत्तर मिळतंय.

पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसला (जवानाच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाला) पाठवा, सोबत उशीर माफ करण्याची विनंती. बोर्डाच्या कागदाचा अर्थ आत्ता कळला, हे खरं कारण आहे, तेच लिहा. नाकारलं तर दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. ब्रॉड बँडिंगची मागणी वेगळ्या परिच्छेदात ठेवा. बीपी नामंजूर झालं तरी ती मागणी उभी राहिली पाहिजे.

मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. झेरॉक्स जोडा, रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, पावती त्याच पेटीत ठेवा. मसुदा झाला की आर्मी नंबर झाकून इथे टाका, मी ओळ न् ओळ बघतो. आणि हवालदारसाहेबांना माझा रामराम सांगा.