दिल्ली विद्यापीठ, बी.ए. (ऑनर्स) अर्थशास्त्र : १००० पैकी ८४२ गुणांवर अंदाज कसा बांधावा?

नमस्कार. आम्ही इंदूरचे आहोत. माझ्या मुलीने यंदा सीबीएसईची बारावी वाणिज्य शाखेतून, गणित घेऊन, ९४ टक्क्यांनी उत्तीर्ण केली. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र शिकावे, ही तिची अकरावीपासूनची इच्छा आहे. सीयूईटीचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या देशव्यापी सामायिक परीक्षेचा, निकाल ४ जुलै २०२५ रोजी लागला असून आता महाविद्यालये आणि अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम भरायचा आहे. आमचा प्रवर्ग अनारक्षित आहे. जे स्वतः किंवा ज्यांची मुले या प्रक्रियेतून गेली आहेत, त्यांचा सल्ला मला हवा आहे.

आधी गुण सांगते. दशांश सोडून तिचे नॉर्मलाइज्ड गुण (वेगवेगळ्या पाळ्यांतील पेपरांची तफावत काढून समान पातळीवर आणलेले) असे: इंग्रजी २२१, गणित १८७, अर्थशास्त्र २२६, लेखाशास्त्र २०८, व्यवसाय अध्ययन २०३, प्रत्येक विषय २५० पैकी. गुणपत्रकावर शेजारीच पर्सेंटाइलचा, म्हणजे इतरांच्या तुलनेतले स्थान दाखवणारा, लांबलचक आकडा असतो आणि नातेवाईक फोनवर तोच विचारतात, पण विद्यापीठ गुणवत्ता ठरवते ती नॉर्मलाइज्ड गुणांवरून. अर्थशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय धरतात, म्हणून तिची बेरीज ८४२ होते. बी.कॉम. ऑनर्सला गणिताऐवजी लेखाशास्त्र चालते. तिथे तिचे ८५८ होतात. गणिताचा पेपर तिला जड गेला आणि तिच्या आवडीच्या अभ्यासक्रमात नेमका तोच टाळता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

माझी मुख्य अडचण मागील वर्षाच्या आकड्यांची आहे. विद्यापीठ प्रत्येक फेरीनंतर महाविद्यालय, अभ्यासक्रम आणि प्रवर्ग यांनुसार किमान गुण जाहीर करते, आणि मुलीने ते सगळे वहीत रकाने आखून उतरवले आहेत. परंतु २०२४ चे आकडे ८०० पैकी आहेत. तेव्हा ५० पैकी ४० प्रश्न सोडवायचे असत. यंदा पन्नासही अनिवार्य होते. अनेकजण जुन्या आकड्याला सव्वापट करून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण पूर्वी मुले न येणारे दहा प्रश्न सोडून देऊ शकत होती, तर यंदा त्या दहांनीही एकूण गुण खाली ओढले असणार, शिवाय चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतोच. तेव्हा सव्वापट केलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा चढाच निघेल, असे मला वाटते. किती चढा, हे मात्र ठरवता येत नाही. इतरांनी हा हिशेब कसा केला आहे? आणि आधार पहिल्या फेरीच्या किमान गुणांचा घ्यावा की शेवटच्या?

येथील एका समुपदेशकाने बरीच मोठी फी सांगून अमुक महाविद्यालय नक्की मिळवून देतो, असे आश्वासन दिले आणि वरच्या पसंती "वाया घालवू नका" असेही बजावले. आम्ही नकार दिला. माझ्या समजुतीप्रमाणे जागा गुणांवर मिळते आणि मिळू शकणाऱ्यांपैकी सर्वांत वरची पसंती दिली जाते. म्हणजे हिंदू कॉलेज किंवा श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स पहिल्या क्रमांकांवर लिहिल्याने खालच्या जागेचे काहीच बिघडत नाही. मुलगी असल्याने मिरांडा हाउस, लेडी श्रीराम, इंद्रप्रस्थ, दौलत राम, गार्गी आणि कमला नेहरू या मुलींच्या महाविद्यालयांचाही विचार आहे.

खरा पेच क्रमाचा आहे. तुलनेने कमी मागणीच्या महाविद्यालयातले अर्थशास्त्र वर ठेवावे, की नावाजलेल्या महाविद्यालयातले बी.कॉम. ऑनर्स? मिळालेली जागा स्वीकारून शुल्क भरले, की अपग्रेडचा, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबण्याचा, पर्याय घेता येतो. पण वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप रद्द होते, आणि जागा स्वीकारलीच नाही तर पुढच्या फेऱ्यांतूनच बाद. त्यामुळे क्रम शक्यतेचा नव्हे, तर मनापासूनच्या इच्छेचा असायला हवा. मुलगी अर्थशास्त्रच वर लिहायचे म्हणते. तिचे वडील महाविद्यालयाच्या वातावरणाला महत्त्व देतात आणि त्यांचे म्हणणेही मला खोडून काढता येत नाही.

दुसरीकडे, इंदूरच्याच देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या खंडवा रोडवरील स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येही सीयूईटीच्याच गुणांवर प्रवेश मिळतो. तो विभाग चांगला आहे, आमच्या राजेंद्रनगरपासून फार लांबही नाही, आणि हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे सासूबाई रोज सांगतात. मलाही ती जागा घेऊन ठेवावीशी वाटते. मात्र दोन्हीकडच्या तारखा एकमेकींत अडकल्या, तर इंदूरला भरलेल्या शुल्कापैकी किती परत मिळते आणि मूळ कागदपत्रे किती दिवसांत हातात पडतात, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.

शेवटची शंका वसतिगृहाची. दिल्लीत सर्वच महाविद्यालयांना वसतिगृह नाही आणि जिथे आहे, तिथे त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. बाहेरगावच्या मुलीला पहिल्याच वर्षी वसतिगृहात जागा मिळेल असे गृहीत धरून पसंतीक्रम लावणे कितपत योग्य ठरेल?