मदत हवी आहे : ब्लॅकजॅकमधल्या 'सॉफ्ट १७'चं गणित जुळत नाहीये

मंडळी, जळगावहून लिहितोय. आखाजीला आमच्याकडे पत्ते बसतातच. यंदा गोव्याहून आलेल्या मावसभावाने ब्लॅकजॅक (डीलरविरुद्ध, २१ न ओलांडता त्याच्या जवळ पोचायचा पत्त्यांचा खेळ) मांडला. पैसे नाही, शेंगदाणे. वाद मात्र अजून चालू आहे.

ब्लॅकजॅक लागला (पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता) आणि त्यावर ३:२ ऐवजी ६:५ दिलं तर काय, ते मला समजलं. १०० लावले की ब्लॅकजॅकवर १५० ऐवजी १२० मिळतात. सहा कॅटमध्ये ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो, आणि डीलरलाही आला तर बरोबरी. म्हणजे दर शंभरामागे सुमारे १.३६ रुपये जादा गेले. टेबलावरच्या एवढ्याशा पाटीत केवढी मेख!

अडलोय सॉफ्ट १७ वर, म्हणजे डीलरकडे एक्का-छक्की (एक्का ११ धरून १७). तिथे डीलरने थांबायचं की आणखी पत्ता घ्यायचा, असे दोन नियम असतात. भाऊ म्हणतो, "तो आणखी पत्ता घेईल तर बस्टही (२१ च्या वर) जास्त होईल, आपलाच फायदा." पण सगळीकडे खेळाडूचं ०.२ टक्क्याच्या आसपास नुकसान सांगतात. मी पायथॉनमध्ये दोन्ही नियमांचे एकेक लाख हात चालवले, तर कधी फायदा दिसतो, कधी तोटा. एका हाताचं प्रमाण विचलन १.१५ च्या आसपास आहे, म्हणजे लाख हात कमीच पडत असावेत. मग किती चालवू? आणि नियम बदलला की खेळायची पद्धतही बदलावी लागते का? उदाहरणार्थ, माझे ११ आणि डीलरचा एक्का असेल तर डबल (पैज दुप्पट करून एकच पत्ता) करायचं का? कधी पत्ता घ्यायचा, कधी थांबायचं याचा मी दोन्हीकडे एकच तक्ता वापरलाय, चूक तिथेच असेल का?

भावाला पटेल असं सोप्या भाषेत सांगा. तो कॉमर्सचा आहे.