मुंबईची धावपट्टी: ताशी दोन विमानं कमी केली ते बरोबरच झालं

देवगडची लेक
गणपती आटोपून गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईला परतत होते. खाली चाळींची पत्र्याची छपरं दिसायला लागली, चाकं बाहेर आली आणि एकदम इंजिनांचा आवाज चढला. विमान पुन्हा वर. पुढच्या सीटवरच्या आजींनी मांडीवरची खाज्याची पिशवी छातीशी धरली. थोड्या वेळाने वैमानिकाने सांगितलं की आधीच्या विमानाला धावपट्टी सोडायला वेळ लागला, म्हणून टॉवरने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांनी, ‘गो अराउंड’ दिला, न उतरता पुन्हा वर जायला सांगितलं. उशीर वीस मिनिटांचा. तेवढ्यात मागून सुरू झालं, ‘या टॉवरवाल्यांना काही जमत नाही.’ मला ते फार लागलं.

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून काम एका वेळी एकीवरच चालतं. उतरणारं विमान शेवटी साधारण १४० नॉटने (तासाला १४० सागरी मैल) येतं, मिनिटाला सव्वादोन सागरी मैलांहून जरा जास्त. दोन उतरणाऱ्यांत सहा मैल ठेवले तर हातात अडीच मिनिटं. तेवढ्यात पहिल्याने टेकायचं, वेग कमी करून बाजूला वळायचं, कडेला उभ्या असलेल्याने आत येऊन उडायचं, आणि मग मागच्याला जागा मोकळी. उतरणारी-उडणारी मिळून ताशी ४६ म्हणजे प्रत्येकाला ७८ सेकंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या तासांत ४६ चे ४४ केले, म्हणजे ८२ सेकंद. माझं मत: ते चार सेकंद परत मागू नका.

परुळेकर
ताई, तुमचं मन कळतं, पण ही कपात कुणाच्या वाट्याला येते तेही बघा. आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला अडीच हजार मीटरची धावपट्टी आहे, ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं. मुंबईचं विमान आलं, काही काळ चाललं, बंद पडलं. सोयीची वेळ मिळवायची तर मारामार. मी आईला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नेणार होतो, आदल्या संध्याकाळी फेरी रद्द झाल्याचा मेसेज. रात्रभर गाडी चालवत नेली तिला. मुंबईत जागा आवळली की पहिला बळी छोट्या गावाच्या विमानाचा जातो.

आणि ४४ करून काय साधलं? ८ जून २०२४ ला मुंबईत एक विमान उड्डाणासाठी धावत असताना दुसरं त्याच धावपट्टीवर टेकलं. आकडा कमी केल्यानंतरची गोष्ट आहे ही. लंडनच्या गॅटविकला एकाच धावपट्टीवर ताशी ५५ होतात. तिथली माणसं काय वेगळी आहेत?

जुना टॉवरवाला
बरीच वर्षं त्या खुर्चीत काढली आहेत, म्हणून लिहितो. गॅटविकचा आकडा खरा आहे. पण तो आकडा मुख्यतः वैमानिक किती सेकंदांत धावपट्टी सोडतो यावर उभा असतो, नियंत्रक किती धीट आहे यावर नाही. जुलैत ओल्या धावपट्टीवर वैमानिक बाहेर पडायचं पहिलं वळण सोडून पुढच्याला जातो, तिथेच दहा-पंधरा सेकंद गेले. त्याला घाई करा म्हणणार कोण?

शिवाय अंतर म्हणजे नुसती धावपट्टी मोकळी होणं नाही. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात. वाइडबॉडीच्या, म्हणजे रुंद पोटाच्या मोठ्या विमानाच्या, मागे मध्यम विमान उतरत असेल तर पाच सागरी मैल सोडावेच लागतात. आणि परुळेकर, तुमच्या चिपीचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, शेवटच्या टप्प्यात जेटपेक्षा संथ येतं. मागचं जेट त्याच्यावर चढत जातं, मग जेटला आधीपासूनच लांब ठेवावं लागतं. छोटं विमान छोटी जागा घेतं हा गैरसमज आहे.

चाकरमानी
माका सांगा, गणपतीक येवचा तरी कसा? रेल्वेचा तिकीट गावणा नाय. सिंगल लाइनवर क्रॉसिंगक गाडी पाऊण तास उभी ऱ्हवता, ताच विमानाचा झाला तर आमी कित्याक बोंबलूचा?

देवगडची लेक
गाडी वैभववाडीला उभी राहू शकते हो. विमानाला आभाळात थांबा नाही, घिरट्या घालायच्या तरी इंधन जळतं. म्हणूनच नियंत्रकाला मागच्याचा हिशोब पुढचं टेकायच्या आधीच करावा लागतो. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडाला उतरणारं मोठं विमान धावपट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ वाचले, तटरक्षक दलाचे सहापैकी पाच गेले. परुळेकर, ८ जूनची घटना तुम्ही ४४ च्या विरोधात वापरता, मला ती उलट वाटते. ४४ असतानाही हे झालं, तर ४६ ला माणसाकडे किती वेळ उरेल?

परुळेकर
हानेडाचं ऐकून गप्प झालो, खरं सांगतो. आकडा वाढवा असं आता म्हणणार नाही. पण एटीआरच्या मागे जास्त जागा सोडावी लागते म्हणून ते कायम वाट बघणारंच, हे मला मान्य नाही. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिथली सकाळची एक वेळ चिपीसाठी बांधून द्या. मी आमदारांना तेच लिहिणार आहे, मसुदा उद्या इथेच टाकतो.

जुना टॉवरवाला
टाका. सकाळी सहा ते आठमधली वेळ मागा.